घाटकोपरचं विमान कुणी ‘वळवलं’ नव्हतं

२८ जून २०१८ ला भर दुपारी घाटकोपर पश्चिमेच्या जीवदया लेनमध्ये किंग एअर सी-९० हे छोटं विमान कोसळलं. विमानातले चौघे आणि खालचा एक माणूस, असे पाच जीव गेले. तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते : वैमानिकांनी वस्ती वाचवायला विमान मुद्दाम बांधकामाच्या जागेकडे नेलं.

भावना समजते, पण चौकशी अहवालाचा निष्कर्ष वेगळा आहे. दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणावरून जुहूला परतताना विमान कमी उंचीवर ‘स्टॉल’ झालं आणि सावरता आलं नाही.

स्टॉलमध्ये इंजिन चालू असू शकतं; वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांची उचल मात्र तुटते. उतरायच्या तयारीत वेग आधीच कमी असतो. त्यात विमान कलवून वळवलं की स्टॉल जास्त वेगालाच गाठतो. ४५ अंश कललेल्या विमानात ही वेगाची मर्यादा सुमारे १९ टक्क्यांनी वर जाते, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. सुटका एकच : नाक खाली करून वेग मिळवायचा. त्यासाठी पायाखाली उंची लागते, आणि तीच तिथे नव्हती. अशा अवस्थेत जागा निवडणं जवळपास अशक्य. बांधकामावरचे बरेच मजूर जेवायला गेले होते, म्हणून ते वाचले. मृत वैमानिकांचा मान राखायला खोट्या कथेची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

‘उत्तर प्रदेश सरकारचं विमान’ हेही चूकच. त्या सरकारने ते आधीच विकलं होतं.