सुमात्री गेंडा

गेंड्याच्या आज हयात असलेल्या पाच जातींपैकी आकाराने सर्वांत लहान जाती. आशियातील तीन जातींपैकी दोन शिंगे हिलाच असतात आणि अंगावर तांबूस-तपकिरी केसही हिच्याच. शास्त्रीय नाव डायसेरोऱ्हायनस सुमात्रेन्सिस. खांद्याशी उंची १ ते १·५ मी. आणि वजन साधारण ५०० ते १,००० किग्रॅ. असते. पुढचे शिंग बहुधा १५ ते २५ सेंमी. भरते, मागचे पुष्कळदा नुसत्या उंचवट्याएवढेच असते, मादीत तर ते बहुधा दिसतही नाही. पिल्लाच्या अंगावर दाट लव असते. वाढत्या वयाबरोबर आणि चिखल-काट्यांत घासून ती विरळ होते.

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेंकुलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला शल्यचिकित्सक विल्यम बेल याने या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तेथील फोर्ट मार्लबरो या किल्ल्यापासून सुमारे १६ किमी.वर मारलेल्या गेंड्याचे चित्र व टिपण त्याने लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याच्याकडे पाठविले. ते १७९३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले, पण त्यात प्राण्याला लॅटिन नाव नव्हते. जातिनाम १८१४ मध्ये फिशर फोन वाल्डहाइम याने दिले. प्रजातिनामाचा वाद मात्र बराच लांबला. जोशुआ ब्रूक्स याच्या संग्रहालयाच्या १८२८ मधील सूचीत डायडर्मोसेरस हे नाव आले होते. ग्लोगर याचे डायसेरोऱ्हायनस १८४१ चे. अग्रक्रमाच्या नियमाने जुने नाव टिकायला हवे, असे मानणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डायडर्मोसेरस वापरले. प्राणिनामविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७७ मध्ये डायसेरोऱ्हायनसच्या बाजूने निर्णय दिला. जुने ग्रंथ चाळताना दोन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

उपजाती तीन मानतात : सुमात्रा व मलाया द्वीपकल्पातील सुमात्रेन्सिस, बोर्निओतील हॅरिसोनी (ग्रोव्ह्ज, १९६५) आणि आसाम, चितगाव व ब्रह्मदेशाकडील लॅसिओटिस. शेवटचीचा इतिहास प्राणिसंग्रहालयाशी जोडलेला आहे. चितगावजवळ १८६८ मध्ये वाळूच्या दलदलीत रुतलेली एक मादी पकडली गेली. ‘बेगम’ या नावाने ती १८७२ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचली. त्याच वर्षी मलाक्काकडून आणलेला दुसरा नमुना शेजारी आल्यावर बेगमच्या कानांवरील लांब केसांचा वेगळेपणा नजरेत भरला आणि ती निराळी जाती ठरवली गेली. पुढे हा दर्जा उपजातीवर आला. केसांची लांबी वय व राहणीप्रमाणे बदलते, हे पाहता केवळ त्या लक्षणावर भर देणे धोक्याचे. भौगोलिक भेद मात्र ग्राह्य वाटतो.

गेंडाकुलातील या जातीचे स्थान हा जुना वादविषय आहे. शिंगांच्या संख्येवरून तिला आफ्रिकी गेंड्यांजवळ बसवणारे एक मत. प्रदेशावरून भारतीय व जावाच्या गेंड्यांशी जोडणारे दुसरे. आणि ती मूळ खोडातूनच स्वतंत्रपणे फुटलेली शाखा, असे तिसरे. हिमयुगातील लुप्त लोकरी गेंडा हा तिचा जवळचा आप्त, हे प्राचीन डीएनएवरून दिसून आले आहे. २०२१ मधील संपूर्ण जनुकसंचांची तुलना दुसऱ्या मताकडे, म्हणजे आफ्रिकी आणि युरेशियाई असे दोन गट मानण्याकडे झुकते. शाखा अल्प काळात एकापाठोपाठ फुटल्यामुळे पूर्वीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसावेत.

डोंगराळ वर्षावन आणि दलदलीचे सखल रान, दोन्हींत हा आढळे. तो एकटा हिंडतो, दिवसाचा मोठा भाग चिखलाच्या डबक्यात लोळून काढतो आणि सकाळ-संध्याकाळ कोवळी पाने, डहाळ्या व फळे खातो. उंच रोपटे छातीखाली दाबून, त्यावर चालत जाऊन तो शेंडा तोंडाशी आणतो. खारट मातीच्या जागांना तो नेमाने भेट देतो. शिकाऱ्यांनाही त्या ठाऊक असत. त्याचा शिट्टीसारखा आवाज देवमाशाच्या आवाजाशी ताडून पाहिला गेला आहे. गर्भधारणेचा काळ १५–१६ महिने असून एका वेळी एकच पिल्लू होते.

ऱ्हासाचे खापर सामान्यतः शिंगाच्या चोरट्या शिकारीवर फोडले जाते. चिनी वैद्यकात शिंगाला मागणी होती, हे खरे. पण विरळपणा त्याहून फार जुना दिसतो. २०१८ च्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे साडेनऊ लाख वर्षांपूर्वी प्रजननक्षम संख्या ५७,८०० च्या आसपास होती आणि सुमारे ९,००० वर्षांपूर्वी ती ७०० वर आली होती. हे आकडे गणिती प्रतिरूपावरून काढलेले आहेत, शिरगणतीचे नव्हेत. समुद्रपातळी वाढून सुंदा भूभागाची (मलाया, सुमात्रा, जावा व बोर्निओ यांना जोडणाऱ्या एकेकाळच्या सलग जमिनीची) बेटे झाली, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. शिकार आणि जंगलतोड यांनी आधीच तोकड्या उरलेल्या साठ्यावर घाव घातला, असे मानणे सयुक्तिक वाटते. संख्या विरळ झाली की नर-मादीची गाठच पडत नाही. शिवाय दीर्घकाळ न व्यालेल्या माद्यांच्या गर्भाशयात गाठी होतात, म्हणजे एकाकीपणातून वांझपणही येतो. भारतातून हा गेंडा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला असावा. मलेशियाच्या रानांतून तो संपल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. तेथील शेवटची बंदिस्त मादी इमान नोव्हेंबर २०१९ मध्ये मेली. उरलेल्या गेंड्यांच्या संख्येचा २०२२ चा अंदाज ३४ ते ४७ असा आहे. बहुतेक प्राणी सुमात्रात आहेत.

बंदिवासातील पहिला जन्म कलकत्त्यात १८८९ मध्ये झाला. पुढे शंभरावर वर्षे तसे घडले नाही. १९८४ ते १९९६ दरम्यान ४० गेंडे पकडले गेले, त्यांतील बरेचसे प्रजननाशिवाय दगावले. मलाया द्वीपकल्पातील सुंगाई दुसुन केंद्रातील पाचही गेंडे २००३ मध्ये काही आठवड्यांत मेले. दोष ट्रिपॅनोसोमा परजीवीचा (जनावरांतील सर्रा रोगाचा जंतू) की जिवाणूंचा, याविषयी एकमत नाही. या जातीच्या मादीत मिलनानंतरच अंडमोचन होते (अंडाशयातून अंडे सुटते), हे अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात टेरी रॉथ यांनी संप्रेरके मोजून दाखविल्यावर तेथे १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास हा नर जन्मला. सुमात्रातील वाय कंबास राष्ट्रीय उद्यानात २००७ मध्ये नेलेल्या या नराचे पिल्लू आंदातू २०१२ मध्ये जन्मले. २०२३ मध्ये तेथे आणखी दोन पिल्ले जन्मली. बोर्निओच्या इंडोनेशियाई भागात २०१८ मध्ये पकडलेली पाहू ही मादी केलियानच्या राखीव रानात ठेवली आहे. ती सुमात्रातील माद्यांपेक्षा बरीच लहान आहे. हॅरिसोनी हे नाव वापरणारे हेच दाखला म्हणून पुढे करतात.