चिलटांचा हिशेब

नोव्हेंबरात वरुडच्या संत्रा मंडीत जाऊन पाहा. आंबिया बहाराचा माल उतरत असतो, हर्रास चालू असतो आणि भिंतीकडेच्या सडक्या फळांच्या ढिगावर चिलटांचं धुकं तरंगत असतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. बाकीचे संत्र्याचा भाव पाहतात, माझी नजर चिलटांकडे जाते. हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीत पिकलं केळ टाकून मी वर्षानुवर्षं ती पाळली. नर लहान, शेपटाकडे काळपट. मादी थोडी मोठी, पोटावर शेवटपर्यंत पट्टे. हवा मानवली की दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडायला तयार.

गेल्या हंगामात मंडीबाहेरच्या टपरीवर वेगळाच विषय निघाला होता. आमच्या भागातल्या एका कार्यालयातलं प्रकरण नुकतंच फुटलं होतं. साहेब आणि त्यांच्या हाताखालची कर्मचारी, दोघंही लग्नाची. कुणीतरी मोबाइलवरच्या गप्पांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि दोन दिवसांत ते बाईच्या माहेरी पोहोचले. महिनाभरात तिची बदली मेळघाटात झाली, परतवाड्याहून सेमाडोहचा घाट चढून पुढे. साहेब आहे त्याच खुर्चीत राहिले.

"माणसाचं काय हाय सर, त्याची जातच तशी," एक जण म्हणाला. "पन बाईनं तं सोताले सांभाळाले पाह्यजे होतं."

त्याच्या बाजूला कृषी केंद्रवाला पोरगा बसला होता, बीएस्सी झालेला. तो म्हणाला, "काका, हे सायन्सच सांगते. नराचा फायदा जास्तीत जास्त माद्यांत, मादीचा एकाच चांगल्या नरात." आणि त्यानं मोबाइलवर एक रीलही दाखवली. तिच्यात सिंह होता.

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. कारण हे 'सायन्स' कुठून आलं ते मला ठाऊक होतं. त्याचा उगम सिंहात नाही. तो त्या सडक्या संत्र्यांवर घोंगावत होता.

१९४८ साली अँगस जॉन बेटमन या इंग्रज संशोधकानं चिलटांवरचा एक प्रयोग छापला. माणूस खरा वनस्पतींचा, बियाण्यातली भेसळ हा त्याचा अभ्यासाचा विषय. त्यानं बाटल्यांत तीन ते पाच नर आणि तेवढ्याच माद्या सोडल्या, तीन-चार दिवस एकत्र ठेवल्या आणि पुढं जन्मलेली पिल्लं मोजली. प्रश्न साधा होता: कुणाला किती जोडीदार मिळाले आणि कुणाची किती पिल्लं झाली? त्याचं उत्तर असं की नराचे जोडीदार वाढले की पिल्लं वाढतात, मादीचं मात्र एकानंतर फारसं काही वाढत नाही. त्याच्या मोजणीत २१ टक्के नर निपुत्रिक निघाले आणि माद्यांपैकी फक्त ४ टक्के. १९७२ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी हा निष्कर्ष उचलून धरला, तो पाठ्यपुस्तकांत शिरला आणि फिरत फिरत आमच्या टपरीवरच्या मोबाइलपर्यंत आला.

आता मला आवडणारी गोष्ट. १९४८ मध्ये डीएनए तपासून बाप ओळखायची सोय नव्हती. मग कोणतं पिल्लू कुणाचं, हे बेटमननं कसं ठरवलं? त्यानं प्रत्येक माशी जन्मजात वेगळी खूण असलेली निवडली. कुणाचे पंख कुरळे, कुणाचे डोळे अरुंद, कुणाच्या अंगावर केस नाहीत. पिल्लाचे पंख कुरळे दिसले की बाप कुरळ्या पंखांचा नर. डोळे अरुंद दिसले की आई अरुंद डोळ्यांची मादी. दोन्ही खुणा एकाच पिल्लात दिसल्या की जोडी सापडली. काय डोकं चाललं असेल त्या माणसाचं! मी हे वर्गात शिकवताना नेहमी पाच मिनिटं जास्त घेत असे.

पण खाच इथंच होती. या खुणांची जनुकं प्रभावी, म्हणजे एक प्रत असली तरी खूण दिसते; मात्र प्रत्येक माशीजवळ त्यांची एकच प्रत, दुसरी प्रत साधी. (दोन्ही प्रती खुणेच्या असल्या तर यांतल्या काही खुणा माशीला जगूच देत नाहीत.) आता नववीच्या पुस्तकातला मेंडेल आठवा आणि चौकोन मांडा. कुरळ्या पंखांचा बाप आणि अरुंद डोळ्यांची आई, समजा १०० अंडी. हिशेबानं २५ पिल्लांत दोन्ही खुणा, २५ मध्ये फक्त बापाची, २५ मध्ये फक्त आईची आणि उरलेल्या २५ मध्ये काहीच नाही. या शेवटच्या २५ जणांचे आईबाप कोण, ते देवालाच ठाऊक. मधल्या ५० जणांचा एकच पालक कळतो. कोण कुणाशी जुळलं होतं, हे खात्रीनं सांगणारी पिल्लं फक्त पहिली २५. सगळ्या प्रयोगाचा भार त्या पाव हिश्शावर.

आणि दोन दोन व्यंगं अंगावर घेऊन जन्मलेलं पिल्लू जगेलच असं कोणी सांगितलं? कुरळे पंख एक वेळ निभावतात. कुरळे पंख आणि वर आणखी एक दोष म्हटलं की पुष्कळदा माशी जगतच नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटमनचा प्रयोग त्याच पद्धतीनं पुन्हा केला, तेव्हा नेमकं हेच दिसलं. दोन्ही खुणा असलेली पिल्लं २५ टक्क्यांपेक्षा कितीतरी कमी निघाली. ती मोजणीआधीच मरत होती. साक्षीदारच गेले, तर जोड्या कुठून सापडणार? ज्यांचं जुळलं होतं त्यांच्या नावापुढं शून्य पडलं, अनेक जोडीदार असलेल्यांच्या नावापुढं एक.

बेटमनच्या मूळ आकड्यांत तर याहून ढळढळीत चूक आहे. ती पकडायला जीवशास्त्रसुद्धा लागत नाही, अडत्याची वही पुरते. मंडीत दिवसभरात शेतकऱ्यांनी जितके कॅरेट विकले तितकेच व्यापाऱ्यांनी घेतले असले पाहिजेत. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर मुनीम घरी जात नाही. पिल्लांचंही तसंच. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप, म्हणून सगळ्या बापांच्या नावावरची पिल्लं आणि सगळ्या आयांच्या नावावरची पिल्लं सारखीच भरायला हवीत. बेटमनच्या नोंदींत बापांच्या नावावर जास्त भरतात. म्हणजे काही पिल्लांना बाप होता आणि आई नव्हती! साठ वर्षं ही वही कुणी तपासली नाही. उत्तर आधीच पटलेलं असलं की बेरीज कोण करतो?

आणखी एक. बेटमननं दोन आलेख काढले होते. पहिल्यात जोडीदार वाढले तसे मादीचेही पिल्लांचे आकडे चढताना दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. प्रसिद्ध झाला तो दुसरा.

एवढं सगळं सांगून होईपर्यंत टपरीवरचे निम्मे लोक उठून गेले होते. कृषी केंद्रवाला पोरगा मात्र बसला होता. म्हणून त्याला मी हाच वहीचा हिशेब माणसांना लावून दाखवला.

समजा एका गावात १०० पुरुष आणि १०० बायका आहेत आणि संबंध गावातल्या गावात. प्रत्येक संबंध दोन्ही वह्यांत एकेकदा चढतो, एकदा त्याच्या, एकदा तिच्या. म्हणजे पुरुषांची सरासरी आणि बायकांची सरासरी सारखीच यायला हवी. डेव्हिड गेल या गणितज्ञानं २००७ मध्ये हे अगदी सोप्या शब्दांत मांडलं होतं. आणि पाहण्यांत काय येतं? एका ब्रिटिश पाहणीत पुरुषांचे आयुष्यभरातले जोडीदार सरासरी १२.७, बायकांचे ६.५. आपल्याकडच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) मागच्या वर्षभरात पती-पत्नी किंवा सोबत राहणारा जोडीदार सोडून दुसऱ्याशी संबंध आल्याचं ४ टक्के पुरुषांनी सांगितलं, बायकांनी ०.५ टक्का. दोन्ही बाजूंची माणसं साधारण सारखीच धरली आणि प्रत्येक पुरुषाला एकच बाई दिली, तरी हो म्हणणाऱ्या प्रत्येक बाईच्या वाट्याला सरासरी आठ पुरुष येतात. देहविक्रय करणाऱ्या बायका पाहणीत नीट येत नाहीत, काही फरक तिथं मुरत असणार. सगळा नाही.

उरलेला कुठं जातो, त्याचा एक झकास प्रयोग मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांनी २००३ मध्ये अमेरिकेत छापला. कॉलेजातल्या अविवाहित मुलामुलींना त्यांनी आजवरचे जोडीदार विचारले. काहींना वाटत होतं की भरलेला कागद दुसरा कुणी वाचू शकेल. काहींची नावं गुप्त होती. काहींच्या हातांना तारा जोडून सांगितलं होतं की हे खोटं पकडणारं यंत्र आहे. यंत्र चालू नव्हतंच. मुलींचं उत्तर पहिल्या गटात सरासरी २.६, दुसऱ्यात ३.४ आणि तारा जोडल्यावर ४.४. मुलांचं अनुक्रमे ३.७, ४.२ आणि ४.०. बंद यंत्राच्या भीतीनं मुलींचा आकडा मुलांच्या पुढं गेला! वागण्यातला फरक म्हणून आपण जो मिरवतो, त्यातला बराचसा हा असा. खरं सांगितल्याची किंमत बाईला जास्त मोजावी लागते, म्हणून ती कमी सांगते. मग तिनं कमी सांगितलेला आकडा तिचा स्वभाव म्हणून पुस्तकात छापला जातो, आणि जी त्या आकड्याबाहेर सापडते तिला मेळघाट.

बेटमनचं सगळंच मोडीत निघालं, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ प्राण्यांत नरांची चुरस माद्यांपेक्षा तीव्र असते, हे इतर पुराव्यांवर उभं आहे. पण अनेक नरांशी जुळणाऱ्या माद्याही कीटकांपासून पक्ष्यांपर्यंत ढिगानं सापडल्या आहेत. आणि समजा, चिलटाचा नर तसाच निघाला, तरी कार्यालयातला माणूस नर म्हणून हजेरीपटावर सही करत नाही.

टपरीवर तिसरं एक मत होतं, तेही नोंदवतो: "तिनं सायबाले काहीतरी खाऊ घातलं असंन." एसटी स्टँडच्या मुतारीत वशीकरणाचे कागद चिकटवलेले असतात, मनासारखी व्यक्ती २४ तासांत. कागद पुरुषांच्या बाजूला, गिऱ्हाईक पुरुष आणि करणीचा आळ बाईवर. जादूटोणाविरोधी कायदा होऊन २०१३ पासून इतकी वर्षं झाली, कागद अजून ताजे आहेत. सिंहाची रील आणि हा कागद यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हींचं काम एकच, साहेबाच्या हातून जे घडलं ते त्यानं केलं नाही असं ठरवायचं.

कायद्याचाही या बाबतीत इतिहास वाकडाच. १८६० च्या दंड संहितेतलं ४९७ कलम व्यभिचारासाठी फक्त पुरुषाला शिक्षा देत होतं आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच होत नव्हता. वरवर बाईवर मेहेरबानी वाटते, पण हिशेब मालमत्तेचा होता, दुसऱ्याच्या वावरात शिरल्यासारखा. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. म्हणजे आता दोन सज्ञान माणसांचं जमलं तर तो फौजदारी गुन्हा नाही. त्यांच्या घरच्यांचं जे दुखलं ते दुखलंच, पण ते टपरीनं सोडवायचं नाही.

कार्यालयापुरता प्रश्न वेगळा आणि बराच रुक्ष आहे: कुणाची सही कुणाच्या कागदावर? दोघं बरोबरीचे कारकून असतील तर कार्यालयाला त्यात फारसं पडायचं कारण नाही. पण एक जण दुसऱ्याची रजा मंजूर करतो, प्रवासभत्त्याचं बिल पास करतो, गोपनीय अहवाल लिहितो, तेव्हा तिसऱ्या टेबलावरच्या माणसाला न्याय मिळत नाही. आणि त्या बाईच्या 'हो'मध्ये किती खुशी आणि किती नाइलाज, हेही बाहेरून कळत नाही. जुलै २०२५ मध्ये बोस्टनजवळच्या एका मैफिलीत कॅमेऱ्यात सापडलेल्या जोडप्याचा व्हिडिओ आमच्या टपरीनंही पाहिला होता. तो कंपनीचा मुख्य, ती मनुष्यबळ विभागाची प्रमुख. दोघांनीही राजीनामे दिले. तिथं खरा पेच होता तो मिठीचा नाही. मुख्याविरुद्ध तक्रार घेऊन एखादा कर्मचारी कुणाकडे गेला असता?

हा पेच उघड करून बाजूला होण्याची जबाबदारी ज्याच्या हाती पेन जास्त जाड, त्याची आधी. आमच्याकडे उलटं होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात चौकशी चालू असताना बदलीची तरतूद आहे, ती पीडित स्त्रीनं लेखी मागितली तर. आणि तिचीच नव्हे, समोरच्याचीही बदली होऊ शकते. दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यालयातल्या बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. या प्रकरणात तक्रार नव्हती, चौकशी नव्हती, कुणी काही मागितलं नव्हतं. फक्त आदेश निघाला.

पोरगा म्हणाला, "मंग सर, सायबाचं काहीच झालं नाही?"

तेव्हा तरी काही झालं नव्हतं. बदलीआधीच्या महिन्यांचा तिचा गोपनीय अहवाल अजून लिहायचा होता. त्यात सचोटीचा एक रकाना असतो. तो साहेबच भरणार होते.