लवचीक मिनी ट्रायपॉड

कॅमेरा किंवा मोबाइल फोन स्थिर धरण्यासाठी वापरला जाणारा, साधारणपणे १५ ते ३५ सेंटिमीटर उंचीचा आणि हवे तसे वळवता येणारे तीन पाय असलेला आधार म्हणजे लवचीक मिनी ट्रायपॉड होय. नेहमीच्या ट्रायपॉडचे पाय ताठ असल्यामुळे त्याला उभे राहण्यापुरती मोकळी जमीन लागते. लवचीक ट्रायपॉड मात्र कठड्याला, फांदीला किंवा खुर्चीच्या पाठीला पाय गुंडाळून अडकवता येतो, आणि खडबडीत कातळावर ठेवायचा झाल्यास प्रत्येक पाय कातळाच्या उंचसखलपणाप्रमाणे वेगळा बसवता येतो. दुकानांत आणि बोलण्यात याला पुष्कळदा ‘गोरिलापॉड’ म्हणतात. ते मुळात जोबी या अमेरिकन कंपनीने २००६ मध्ये बाजारात आणलेल्या उत्पादनाचे नाव आहे. इतर कंपन्यांच्या तशाच ट्रायपॉडलाही ते पुढे चिकटले.

पायांच्या रचनेवरून याचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात पाय प्लॅस्टिकच्या मण्यांसारख्या तुकड्यांचा बनलेला असतो. एका तुकड्याचा गोल भाग पुढच्याच्या वाटीत घट्ट बसतो, म्हणजे खांद्यात असतो तसा उखळीचा सांधा पायभर एकापुढे एक येतो. लेथ मशीनवर शीतक द्रव सोडणाऱ्या वळत्या नळ्याही याच तत्त्वावर बनवतात. पाय वळवलेल्या जागी टिकतो तो केवळ गोल भाग आणि वाटी यांच्यातील घर्षणामुळे. दुसऱ्या प्रकारात आत जाड धातूची तार आणि वर फोम किंवा रबराचे आवरण असते. हा प्रकार स्वस्त असून मोबाइल फोनला पुरतो. परंतु तार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवली की धातू थकतो आणि आवरणाच्या आत, बाहेरून काहीही न दिसता, ती तुटते. मौल्यवान कॅमेऱ्यासाठी तारेचा ट्रायपॉड घेऊ नये.

निवड करताना बहुतेक जण खोक्यावर छापलेली भारक्षमता पाहतात. जोबीच्या १के, ३के आणि ५के या मॉडेलांच्या नावांतच १, ३ आणि ५ किलोग्रॅम ही मर्यादा सांगितलेली आहे. हा आकडा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, कारण लवचीक पाय नुसत्या वजनाने सहसा हार खात नाहीत. ते हार खातात तरफेपुढे. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य तो ट्रायपॉडवर बसवण्याच्या स्क्रूच्या जितका पुढे जाईल, तितका सांध्यांना वळवणारा जोर वाढतो. भारतात पुष्कळ नवशिक्यांच्या हाती असलेल्या कॅननच्या १५००डी या कॅमेऱ्याचे उदाहरण घेता येईल. बॅटरी व कार्डासह तो ४७५ ग्रॅम आणि त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स २०० ग्रॅम, असे एकूण ६७५ ग्रॅम होतात. गुरुत्वमध्य स्क्रूपासून ४ सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर वळवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर, २.७ किलोग्रॅम-सेंटिमीटर येतो. आता तीच लेन्स काढून ३९० ग्रॅमची ५५-२५० मिलिमीटरची लेन्स लावली आणि ती पुढे लांबवल्यावर गुरुत्वमध्य ७ सेंटिमीटरवर गेला असे मानले, तर वजन ८६५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांनी वाढते. वळवणारा जोर मात्र ६ किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या वर जातो, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. दोन्ही वेळा वजन १ किलोग्रॅमच्या आतच आहे, आणि तरीही १ किलोग्रॅम क्षमतेच्या ट्रायपॉडवर दुसऱ्या जोडणीचे तोंड हळूहळू खाली झुकत राहण्याची शक्यता पुष्कळ आहे. म्हणून कॅमेरा व सर्वांत जड लेन्स यांच्या एकत्रित वजनाच्या निदान दुप्पट, आणि लांब लेन्स असल्यास तिप्पट क्षमतेचा ट्रायपॉड निवडणे शहाणपणाचे ठरते. या हिशेबाने वरील कॅमेऱ्याला ३ किलोग्रॅम क्षमतेचा ट्रायपॉड योग्य होय.

दुकानात परीक्षा घ्यायची असल्यास स्वतःचा कॅमेरा सोबत न्यावा, ट्रायपॉडवर बसवून लेन्स आडवी ठेवावी आणि पडद्यावर एखाद्या कपाटाची कड चौकटीच्या रेषेशी जुळवून दोन मिनिटे हात न लावता थांबावे. कड रेषेवरून सरकली, तर सांधे ढिले आहेत. ही दोन मिनिटे विक्रेत्याला मोठी वाटली तरी सोडू नयेत. रात्रीच्या चित्रात नेमका हाच दोष उतरतो.

कॅमेरा बसवण्याचा स्क्रू बहुतेक सर्वत्र पाव इंच व्यासाचा आणि दर इंचाला २० आट्यांचा असतो, त्यामुळे जुळण्याची चिंता नसते. खरा फरक डोक्यात, म्हणजे वरच्या फिरत्या भागात असतो. अगदी लहान ट्रायपॉडना वेगळे डोके नसते. कॅमेऱ्याची दिशा पाय वाकवूनच साधावी लागते, आणि क्षितिज सरळ करताना पुन्हा पुन्हा सगळे मोडून नव्याने मांडावे लागते. बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर कोणत्याही दिशेला फिरणारे डोके, असलेला ट्रायपॉड थोडा जड व महाग पडतो, पण पाय एकदा नीट रोवले की पुढची जुळवणी एका खुंटीवर होते. कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड घेणाऱ्याने बॉल हेडवर पैसे वाचवू नयेत. कॅमेरा उभा वळवण्यासाठी डोक्याच्या बाजूला असलेल्या खाचेत तो झुकवला की त्याचे सगळे वजन एका बाजूला येते. अशा वेळी एक पाय त्याच बाजूला लांबवावा. आडव्या चित्रासाठीही एक पाय नेहमी लेन्सच्या खाली, पुढच्या दिशेला असावा. फोनसाठी वेगळी पकड लागते. ती घेताना तिची जास्तीत जास्त रुंदी आपल्या फोनच्या कव्हरसकट मोजून पाहावी.

सपाट जागेवर पाय शक्यतो सरळ ठेवावेत. ते कमानीसारखे बाहेर फुगवले किंवा फार फाकवले की वरच्या सांध्यांवर जास्त ताण येतो. फार जवळ घेतले तर कॅमेरा कलंडतो. गुंडाळण्याचे गणित वेगळे आहे. ५ सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी कठड्याचा घेर सुमारे १६ सेंटिमीटर असतो, म्हणजे २५ सेंटिमीटर लांबीचा पाय त्याला दीड वेढा घालू शकतो आणि पकड उत्तम बसते. १० सेंटिमीटर जाडीच्या फांदीचा घेर ३१ सेंटिमीटरच्या वर जातो. एका पायाचा एक वेढाही पुरा होत नाही. तेथे दोन पाय विरुद्ध दिशांनी वेढून तिसरा खालून खोडाला टेकवावा लागतो. यासाठी लहान ट्रायपॉडपेक्षा लांब पायांचा ट्रायपॉड बरा. कॅमेऱ्याचा पट्टा कठड्याला स्वतंत्रपणे अडकवून ठेवण्याची सवय फार मोलाची आहे.

महाराष्ट्रात या साधनाचा खरा उपयोग कळतो तो मे महिन्याच्या अखेरीस, भंडारदरा, पुरुषवाडी किंवा राजमाची परिसरात काजवे टिपताना. एकेका चित्राला २० ते ३० सेकंद शटर उघडे ठेवावे लागते आणि अशी अनेक चित्रे नंतर एकावर एक जोडली जातात. या सगळ्या वेळात कॅमेरा केसभरही हलून चालत नाही. पाठीवरच्या पिशवीत मोठ्या ट्रायपॉडचे ओझे न घेता हे काम एखाद्या कातळावर बसवलेल्या लहान ट्रायपॉडने होते, मात्र उंची कमी असल्यामुळे समोरचे गवत चौकटीत येत नाही ना, हे उजेड असतानाच पाहून ठेवावे लागते. काजवे बसतात त्या झाडांना पाय गुंडाळू नयेत. फांदी हलली की ते विचलित होतात. बटण दाबल्यावर लवचीक पाय ताठ पायांपेक्षा जास्त वेळ थरथरतात, म्हणून २ सेकंदांऐवजी १० सेकंदांचा टायमर लावावा, आणि लेन्सवर कंपनरोधक बटण असल्यास ते बंद करावे.

केंद्र संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावून छायाचित्रण करण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ट्रायपॉड वीतभर आहे म्हणून तो चालेल असे गृहीत न धरता प्रवेशद्वारावर आधी विचारावे.

ज्यांना गुंडाळण्याची गरज नाही, केवळ टेबलावर ठेवायचे आहे, त्यांनी मॅनफ्रॉटोच्या पिक्सीसारखा ताठ पायांचा मिनी ट्रायपॉड घ्यावा. त्याच आकारात तो अधिक स्थिर असतो. वन्यजीव छायाचित्रणात सफारीच्या जिप्सी गाडीच्या कडेवर तर तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी लांब लेन्सला या दोन्हींपेक्षा चांगली पडते.

मण्यांच्या ट्रायपॉडचा मुख्य शत्रू वाळू होय. समुद्रकिनाऱ्यावर वापरल्यावर वाट्यांत अडकलेले कण प्लॅस्टिक घासतात आणि घर्षण कमी होत जाते. घरी आल्यावर डोके वेगळे काढून पाय गोड्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण पायांची सारी ताकद कोरड्या घर्षणातच आहे. निसटलेला मणी जोराने दाबला की पुन्हा बसतो. तोच मणी वारंवार निसटू लागला, तर त्याची वाटी झिजलेली असते, आणि त्या ट्रायपॉडवर यापुढे फक्त फोन ठेवावा.