विद्यापीठांची खरेदी-स्वायत्तता

सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाला वस्तू व सेवा विकत घेताना सरकारी खात्यांच्या खरेदी नियमांऐवजी स्वतःच्या अधिकारमंडळाने केलेल्या नियमांनुसार व्यवहार करण्याची मुभा. हे मोकळे रान नव्हे. निविदा निघतात, लेखापरीक्षणही होते. बदलते ते एवढेच की नियम कोणी करायचे आणि शेवटची सही कोणाची.

सरकारी नियम बेतलेले असतात खुर्च्या, कागद, संगणक अशा चार विक्रेत्यांकडे सारख्याच मिळणाऱ्या मालासाठी. तांत्रिक अटी पुऱ्या करणाऱ्यांतला सर्वांत कमी दराचा, म्हणजे कार्यालयीन बोलीतला ‘एल-वन’, निवडला की काम झाले. प्रयोगशाळेचे तसे नसते. एखादी अँटिबॉडी (ठरावीक रेणू ओळखण्यासाठी प्रयोगात वापरायचे प्रथिन) एकाच कंपनीची हवी असते, कारण मागची सगळी निरीक्षणे तिच्यावर घेतलेली असतात. स्वस्तातली दुसरी आणली तर जुन्या-नव्या निष्कर्षांचा मेळच बसत नाही. मग ‘प्रोप्रायटरी’, म्हणजे ही वस्तू एकाच उत्पादकाकडे मिळते असे, प्रमाणपत्र जोडा, समर्थन लिहा, लेखा विभागाच्या शेऱ्याला उत्तर द्या. तोवर 31 मार्च येतो आणि अखर्चित रकमेचा हिशेब देत बसावे लागते.

भारतात केंद्रीय संस्थांसाठी सामान्य वित्तीय नियम, 2017 हा मुख्य आधार आहे. त्यातला पहिलाच नियम या विषयाची गुरुकिल्ली म्हणावा असा आहे: स्वायत्त संस्थेच्या उपविधींत सरकारने मंजूर केलेले वेगळे वित्तीय नियम असतील तेवढ्यापुरती सूट, एरवी हेच नियम लागू. थोडक्यात, स्वायत्तता आहे, पण तिलाही मंजुरी लागते. 2016 मध्ये सुरू झालेले ‘जेम’ हे सरकारी खरेदी संकेतस्थळ याच नियमांनी सक्तीचे झाले. 2020 मध्ये 200 कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा, म्हणजे परदेशी पुरवठादारांनाही खुली निविदा, काढण्यावर बंधन आले. देशी उद्योगाला बळ देण्याचा हेतू समजण्यासारखा होता. पण देशात न बनणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या सुट्या भागालाही तोच निकष लावणे हे अजबच.

शास्त्रज्ञांच्या तक्रारींनंतर जून 2025 मध्ये वैज्ञानिक उपकरणे व साहित्यापुरती ढील मिळाली. दरपत्रकाविना थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख रुपये झाली, खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची 10 लाखांवरून 25 लाख. ‘जेम’बाहेर जाण्याचा निर्णय संस्थाप्रमुखाकडे आला आणि 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मान्यता देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांना मिळाला.

ही ढील केंद्रीय नियमांतली. राज्याच्या खरेदी धोरणाला ती आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्रातली अकृषी विद्यापीठे 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली येतात. त्यांच्याकडे खरेदी समिती आहे, वित्त व लेखा अधिकारी आहे, वर व्यवस्थापन परिषद आहे. राज्य शासनाने कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका डिसेंबर 2016 मध्ये काढली. केंद्राच्या प्रकल्प-अनुदानाबरोबर मात्र केंद्राच्या अटी येतात आणि अनुदान ठरल्या कामी खर्चल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही केंद्राच्याच नमुन्यात द्यावे लागते. त्यामुळे एकाच विभागात शेजारशेजारच्या दोन प्रयोगशाळांच्या फायली दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

अमेरिकेत मिशिगन राज्याने 1850 च्या राज्यघटनेतच विद्यापीठ-निधीच्या खर्चाचे नियंत्रण विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडे, म्हणजे रीजंट मंडळाकडे, सोपवले. व्हर्जिनियाचा मार्ग कराराचा. 2005 च्या कायद्यानुसार व्हर्जिनिया विद्यापीठ, व्हर्जिनिया टेक आणि विल्यम अँड मेरी या तीन संस्थांनी राज्याशी व्यवस्थापन-करार केले. ते 2006 पासून अमलात आले. राज्याच्या खरेदी कायद्यातून त्यांना बरीचशी सूट मिळाली, पण त्या जागी स्पर्धात्मक खरेदीची स्वतंत्र नियमावली स्वीकारणे भाग पडले. बदल्यात प्रवेश, शुल्क, पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण अशा उद्दिष्टांची बांधिलकी आली. देवाणघेवाणीचा हा भाग आपल्याकडच्या चर्चेत फारसा ऐकू येत नाही.

विरोधकांचा आक्षेपही पोकळ नाही. सूट मिळाली की तांत्रिक अटी एखाद्या ठरावीक विक्रेत्याच्या मापाच्या लिहिल्या जाण्याचा धोका वाढतो, आणि लहान पुरवठादार बाहेर फेकले जातात. मात्र अटी अशा बेतणे निविदा पद्धतीतही चालतेच. म्हणून समितीत विभागाबाहेरचा तज्ज्ञ घेणे आणि खरेदीचे आदेश संकेतस्थळावर टाकणे हे उपाय, नियम कोणाचेही असले तरी, सुचवले जातात.