पाय सुजले म्हणून पाणी तोडू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नर्सताईंनो, तुम्हाला कुणी सांगितलं असेल: ‘सलग ड्युटीत सूज येते ती जास्त पाण्यामुळे, पाणी कमी प्या.’ हे खरं नाही.

पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू हलावे लागतात. तासन्‌तास उभं राहिलं की शिरांतला दाब वाढतो आणि द्रव झिरपून घोट्यांशी साचतो. खारट लोणचं-पापड त्यात भर घालतात. जादा पाणी निरोगी मूत्रपिंडं लघवीवाटे काढतातच. उलट पाणी तोडलं की मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो, आणि वॉर्ड सोडता येत नाही म्हणून लघवी रोखणाऱ्या ताईंना तो आधीच असतो.

ड्युटीनंतर नडगीवर अंगठा काही सेकंद दाबा, खळगा पडतो का बघा. पाय उंच ठेवून झोपा, सकाळी पुन्हा दाबा. सूज ओसरली असेल तर ती बहुधा उभं राहण्याची. एकच पाय सुजून दुखत असेल, धाप लागत असेल किंवा चेहरा सुजला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.