लाईन

लाईन (स्त्रीलिंगी नाम) : इंग्रजीतून मराठीत रुळलेला शब्द. त्याचे मूळ लॅटिन ‘लिनेआ’, म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा. ज्याची चटणी मराठवाड्यात आवडीने खातात, तेच हे जवस. ताणलेल्या दोऱ्यावरून रेघ, रांग, तार, नळ, मार्ग असे अर्थ फुटत गेले.

मराठवाड्याच्या खेड्यात या शब्दाचा पहिला अर्थ वीज. ‘लाईन आली का?’ या प्रश्नात दिव्यापेक्षा विहिरीवरच्या मोटारीची काळजी जास्त असते. शेतीला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते. ‘या आठवड्यात आमची लाईन रात्रीची आहे’ म्हणजे काळोखात, विंचूकाट्यातून दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जाणे. या एका वाक्यातले कष्ट कोणत्याही कोशातल्या अर्थात मावत नाहीत. तारा जोडणारा तो लाईनमन. गावाला वीज खात्याचा साहेब माहीत नसला तरी लाईनमन माहीत असतो.

रेल्वेत लाईन म्हणजे लोहमार्ग. निजामाच्या राजवटीत मनमाड–औरंगाबाद–जालना–परभणी–नांदेड हा मार्ग मीटरगेजवर झाला; लातूरकडे बार्शी लाईट रेल्वेची त्याहून अरुंद, अडीच फुटी नॅरोगेज होती. दोन्ही मार्ग पुढे ब्रॉडगेज झाले. बीडकरांनी मात्र ‘आपली लाईन कधी?’ हा प्रश्न कित्येक दशके विचारला. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी.

पाण्याच्या संदर्भात लाईन म्हणजे जलवाहिनी, आणि टँकरपुढची घागरींची रांगही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा रूळ, नळ आणि रांग हे तिन्ही अर्थ त्या शहराने एकाच वेळी अनुभवले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले होते.

शिक्षण-व्यवसायात लाईन म्हणजे क्षेत्र: ‘पोरगं मेडिकल लाईनला आहे’. पोलीस लाईन म्हणजे पोलिसांची ओळीने बांधलेली घरे. क्रिकेटमध्ये चेंडूची दिशा. ‘लायनीवर आणणे’ म्हणजे वळण लावणे, ‘लाईन मारणे’ म्हणजे प्रेमाचे खडे टाकून पाहणे. भूमितीत मात्र रेषाच टिकली, आणि शेतात पिकाच्या ओळीला आजही तास म्हणतात.