आर्किटेक्चरचं शिक्षण पुण्यापर्यंत कसं आलं

पुण्यात इंजिनिअरिंग शिकवायला सुरुवात झाली १८५४ मध्ये. पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल, म्हणजे आजचं सीओईपी. सरकारी बांधकाम खात्याला पूल, कालवे, इमारती यांच्या कामावर देखरेख करायला माणसं हवी होती म्हणून तो क्लास निघाला. पण आर्किटेक्ट व्हायचं असेल तर त्यानंतरही कितीतरी दशकं पुण्याच्या मुलांना मुंबईच गाठायला लागायची. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यातच जन्मले, घरात फर्निचरचं काम चालायचं, आणि शिकायला मात्र १९४७ मध्ये मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं जगातलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं, भारतातल्या आर्किटेक्टला पहिल्यांदाच.

हे सगळं लिहायचं कारण, मी एका कॉलेजात व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून जाते आणि पहिल्या वर्षाची मुलं, आणि खरं तर मुलांपेक्षा त्यांचे आईवडील, दरवर्षी तेच विचारतात. इंजिनिअरिंग चार वर्षांत होतं मग हे पाच वर्षं का? कॉम्प्युटर असताना हाताने ड्रॉइंगच्या शीट्स कशाला? पहिल्या सेमिस्टरला घर-बिर काही नाही, नुसते चौकोन आणि कागदाचे तुकडे, हे काय चाललंय? आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडताना, सगळ्यांसमोर बोलणी का खायची? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या काळात आणि वेगळ्या गावात आहे, कारण हा कोर्स कोणी एकाने एका वेळी बसून बनवलेलाच नाही. ते आधीच माहीत असलं तर मुलांचा निम्मा वैताग कमी होतो हे मी बघितलंय.

सुरुवात पुण्यापासूनच करते, कारण एक गोष्ट इथल्या आर्किटेक्चरच्या मुलांनासुद्धा माहीत नसते. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात चार्ल्स मॅलेट नावाचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, पुण्यात होता, आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चक्क एक चित्रशाळा सुरू झाली होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं प्रसिद्ध चित्र त्याचंच. त्या शाळेत गंगाराम तांबट तयार झाला. त्याने वेरूळच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांची ड्रॉइंग्ज केली, आणि नुसती सुंदर दिसणारी चित्रं नाहीत, लेण्यांचा प्लॅन, खांबांची रचना, कुठे काय आहे हे नीट कळेल अशी. आज आपण ज्याला मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे इमारत मोजून काढलेलं ड्रॉइंग, म्हणतो त्याच्या अगदी जवळचं काम, दोनशे वर्षांपेक्षा आधीचं, आणि पुण्यातल्या माणसाने केलेलं. त्यातली बरीचशी आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १७९५ मध्ये वेल्सही वारला आणि सवाई माधवरावही गेले, शाळा काही टिकली नाही. टिकली असती तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

अर्थात वाडे बांधायला शाळा लागत नव्हती. शनिवारवाडा १७३० ते ३२ मध्ये उभा राहिला, विश्रामबागवाडा १८०७ चा, आणि पेठांमधले बाकी शेकडो वाडे. ते उभे केले गवंडी, सुतार, पाथरवट, लोहार यांनी. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, इतक्या खणांचा सोपा, इतक्या खणांचं माजघर असं ठरलं की तुळया किती लांबीच्या लागतील आणि सागवान किती आणायचं हे सुताराला तोंडपाठ असायचं. खांब सरळ जमिनीवर उभा नाही करायचा, खाली दगडी तळखडा, म्हणजे ओल चढून लाकूड कुजत नाही. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, कामावरच. डिझाइन करणारा आणि बांधणारा अशी दोन वेगळी माणसं त्यात नव्हतीच.

ती वेगळी झाली इंग्रजांच्या काळात, आणि माझ्या मते आपल्या कोर्सची सगळ्यात मोठी उणीव तिथेच आहे. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले त्यातून १८५७ मध्ये मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे आर्किटेक्चर यायला मात्र १८९६ उजाडलं, आणि तेही ड्राफ्ट्समनचा वर्ग म्हणून. सरकारी कचेऱ्यांत आणि गोऱ्या आर्किटेक्टांच्या ऑफिसांत ड्रॉइंग काढणारी माणसं लागायची, डोकं साहेबाचं आणि हात आपला, अशी ती सोय. १९०८ मध्ये जॉन बेग या सरकारी आर्किटेक्टच्या मार्गदर्शनाखाली चार वर्षांचा कोर्स आखला गेला, मग जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा आर्किटेक्ट, त्याने त्याला आकार दिला, आणि रॉबर्ट केबल हा पहिला प्रोफेसर. शिकवायचे काय तर ग्रीक-रोमन ऑर्डर्स, म्हणजे खांबांच्या ठरलेल्या शैली, सावल्या, वॉश रेंडरिंग, म्हणजे ड्रॉइंगवर पातळ रंग चढवणं. गवंडी आणि सुतार या वर्गाच्या बाहेरच राहिले, आणि अजूनही बहुतेक कॉलेजांत ते बाहेरच आहेत. चौथ्या वर्षाच्या मुलाला विटेचा बाँड, म्हणजे विटा रचायची पद्धत, कागदावर काढता येतो पण ओळंबा हातात कधी धरलेला नसतो.

त्यातल्या त्यात चांगला माणूस म्हणजे क्लॉड बॅटली. १९४३ पर्यंत वीसेक वर्षं त्यांनी जे.जे.चा आर्किटेक्चर विभाग चालवला, आणि नुसतं युरोपचं कॉपी करू नका, आपल्याकडच्या जुन्या इमारती जाऊन मोजा असा त्यांचा आग्रह होता. मुलं गावोगावी जाऊन देवळं, घरं, हवेल्या मोजून ड्रॉइंग्ज करायची. हवा कुठून येते, ऊन कसं अडवलंय, हे मोजता मोजताच कळायचं. आज आमच्या कॉलेजांत जी मेझर्ड ड्रॉइंगची स्टडी टूर असते तिचं मूळ तिथे आहे.

जे.जे.च्याच विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये एक संघटना काढली होती, तिचंच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झालं. आणि १९३६ मध्ये पेरिन मिस्त्री तिथून डिप्लोमा घेऊन बाहेर पडल्या, तो मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्या काळात मिळायचा तो जी.डी.आर्च., गव्हर्नमेंट डिप्लोमा. पुण्यात पेठांमधल्या जुन्या ऑफिसांच्या पाट्यांवर नावापुढे ही अक्षरं अजून कुठे कुठे दिसतात. दिवसा एखाद्या ऑफिसात ड्राफ्टिंग करायचं आणि बाकीच्या वेळात अभ्यास, असं करून शिकलेली ती पिढी.

आता स्टुडिओ आणि ज्युरी. हे आलं पॅरिसहून, एकोल दे बोझार या कलाशाळेमधून, इंग्लंडमार्गे. तिथे विद्यार्थी एखाद्या मोठ्या आर्किटेक्टच्या आतल्येमध्ये, म्हणजे स्टुडिओत दाखल व्हायचा. विषय मिळाला की बंद खोलीत ठराविक तासांत पहिलं स्केच करून द्यायचं आणि नंतर फायनल ड्रॉइंग त्या स्केचशी इमान राखूनच करायचं. आपल्याकडे टाईम प्रॉब्लेम किंवा एस्किस म्हणून सकाळी विषय देऊन संध्याकाळी शीट घेतात ते हेच. सबमिशनच्या आधी ज्युनिअर मुलं सीनिअर्सची मॉडेल्स करायला रात्रभर बसतात, थिसिसच्या वेळी तर हमखास, ती पद्धतसुद्धा तिकडचीच, नव्या मुलांनी जुन्यांच्या ड्रॉइंग्जना हात लावायचा आणि त्यातूनच शिकायचं. फरक इतकाच की तिथली ज्युरी बंद दाराआड बसायची, विद्यार्थी बाहेर. सगळ्यांसमोर उभं राहून आपलं डिझाइन समजावून सांगायचं हे नंतर आलं, आणि मला ते जास्त बरं वाटतं, कारण दुसऱ्याच्या ज्युरीत बसून जेवढं शिकायला मिळतं तेवढं स्वतःच्या ज्युरीत मिळत नाही. बोलणी खाणं हा त्याचा भाग असायची काही गरज नाही. मुलाला रडवलं म्हणजे शिकवलं असं समजणारे ज्युरर आजही भेटतात आणि त्यांना हे तोंडावर सांगायला पाहिजे.

पहिल्या सेमिस्टरचे चौकोन जर्मनीचे. १९१९ मध्ये वॉल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टने वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा काढली, आणि योहानेस इटेनने तिथे सुरुवातीचा एक कोर्स बनवला ज्यात विद्यार्थ्याने आधीचं सगळं विसरून रेषा, रंग, पोत, कागद, लाकूड, तार यांच्याशी खेळायचं. गंमत म्हणजे आर्किटेक्चरचा स्वतंत्र विभाग तिथे १९२७ पर्यंत नव्हताच, आणि १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली शाळा बंदच पडली. ग्रोपियस पुढे हार्वर्डला गेला, आणि त्याच्याकडे शिकायला आपल्या कोकणातले, आचऱ्याचे अच्युत कानविंदे गेले, तेही जे.जे.चेच. असल्या लोकांमार्फत ते विचार इकडे आले. दोशी पॅरिसला ल कोर्ब्युझिए या प्रसिद्ध आर्किटेक्टकडे काम करून परतले आणि १९६२ मध्ये अहमदाबादला त्यांनी स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं, जे पुढे सेप्ट झालं. बाउहाउसच्या त्या सुरुवातीच्या कोर्सवरून आलेला बेसिक डिझाइन हा विषय आज सगळीकडे आहे. पण बाउहाउसमध्ये तो वर्कशॉपला जोडलेला होता, लाकूड, धातू, विणकाम प्रत्यक्ष करायला लागायचं, आपण घेताना शीट घेतली आणि वर्कशॉप बऱ्याच ठिकाणी नावापुरतं ठेवलं.

पाच वर्षांचं उत्तर कायद्यात आहे. १९७२ च्या आधी कोणीही दारावर आर्किटेक्ट म्हणून पाटी लावू शकत होता. त्यासाठी कायदा हवा म्हणून आर्किटेक्ट लोकांनी बराच काळ मागणी लावून धरली, पिलू मोदी हे स्वतः आर्किटेक्ट आणि खासदार, त्यांनी संसदेत जोर लावला आणि १९७२ मध्ये आर्किटेक्ट्स ॲक्ट आला. त्यातून काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी करणारी आणि कोर्सचे नियम ठरवणारी संस्था. १९८३ च्या नियमांनी कोर्स पाच वर्षांचा, त्यात ऑफिसातली ट्रेनिंग, एका वर्गात ४० मुलं आणि आठ मुलांमागे एक शिक्षक असा साचा घालून दिला. इंजिनिअरिंगच्या मानाने हे प्रमाण खूपच जास्त आहे आणि ते तसंच हवं, कारण स्टुडिओत मास्तर प्रत्येकाच्या टेबलाशी बसून त्याच्याच ट्रेसिंगवर पेन्सिल चालवतो, फळ्यावर हे शिकवता येत नाही. २०२० मध्ये नवे नियम आले. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कायदा आर्किटेक्ट या नावाला संरक्षण देतो, काम दुसरा कोणी करूच शकत नाही असं नाही. आणि कॉलेजांवर हुकूम कोणाचा, एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणावरच्या केंद्रीय परिषदेचा, की काउन्सिलचा, हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते आपल्या कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या कॉलेजाच्या केसमध्ये, २०१९ ला निकाल काउन्सिलच्या बाजूने लागला. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीची नाटा परीक्षा २००६ पासूनची.

पुण्याकडे परत येते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. त्यानंतर शहर नदीपलीकडे पसरलं, बंगले, मग सोसायट्या, मग फ्लॅट. आर्किटेक्टची गरज वाढली आणि टिळक रोडचं अभिनव, नंतर भारती विद्यापीठ, सिंहगड अशी कॉलेजं उभी राहिली. महर्षी कर्व्यांच्या संस्थेने १९९४ मध्ये कर्वेनगरला खास मुलींसाठी भानुबेन नानावटी कॉलेज काढलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा मुलीला साईटवर पाठवायचं म्हटलं की घरचे कां कू करायचे, आणि आता स्टुडिओत बघितलं तर निम्म्याहून जास्त मुलीच दिसतात.

हत्यारंही बदलली. आमच्या वेळी अप्पा बळवंत चौकातून गेटवे शीट आणायची, रोट्रिंगचं शाईचं पेन, त्यातलं पॉइंट टू, म्हणजे बारीक रेषेचं, तर हमखास चोक व्हायचं, चुकलं की अर्ध्या ब्लेडने शाई हळूच खरवडायची आणि मग ड्रॉइंगच्या प्रती काढायला अमोनिया प्रिंटच्या दुकानात डोळे चुरचुरेपर्यंत उभं राहायचं. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आलं तरी कॉलेजांत पोचायला बराच काळ गेला. आता दुसऱ्या वर्षापासून स्केचअप, रेव्हिट. कॉम्प्युटरला माझा विरोध अजिबात नाही, पण पहिलं वर्ष हातानेच व्हावं, कारण स्क्रीनवर झूम करता येतं आणि मग स्केलची जाणच येत नाही, मुलं दीड फूट रुंदीचा जिना काढतात आणि त्यांना ते खटकतही नाही.

आणि या सगळ्यातलं मला विचाराल तर सगळ्यात किमती काय, तर वाडा मोजणं. दोघांनी टेप धरायचा, तिसऱ्याने कच्च्या स्केचवर आकडे टाकायचे. चौक दिसायला चौकोनी असतो, पण दोन्ही कर्ण घेतले की पाच-सहा इंचाचा फरक निघतो, मग कळतं की एक भिंत शेजारच्या वाड्याला सांभाळून घेतलीय. खांबाच्या कोरीव कामात किती कमी-जास्त आहे, तुळई कुठे बदललीय, कडीपाट कुठे नवा आहे, हे मोजल्याशिवाय दिसत नाही. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांनी मोजलेले कितीतरी वाडे आता पाडून झालेत, तिथे पार्किंग आणि वर चार-पाच मजले. त्या वाड्यांची नीट मापं असलेला कागद बऱ्याचदा फक्त कॉलेजात असतो, कुठल्या तरी कपाटावर रोल करून ठेवलेला, आणि नवीन बॅचच्या शीट्सना जागा पाहिजे म्हटलं की जुन्या रद्दीत जातात. पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांनी मिळून ही ड्रॉइंग्ज स्कॅन करावीत, वाड्याचं नाव, पेठ आणि मोजल्याचं वर्ष लिहून एका ठिकाणी ठेवावीत आणि ती कोणालाही बघता यावीत. याला फार पैसा लागत नाही, एक मोठा स्कॅनर आणि दोन-तीन सुट्ट्यांमधली मुलांची मदत एवढंच लागेल, आणि ज्यांच्या कॉलेजात अशी रोल पडून असतील त्यांनी निदान या वर्षीची रद्दी काढायच्या आधी ती उघडून बघावीत.